लेकरांची मोट घेऊन मुंबईला आलेली गायिका

गांधीनगरला कापडखरेदीला गेलं, की आमच्या आजेसासूबाई हातातल्या पिशव्या खाली टेकवून हमखास सांगायच्या, की अगं, हे सगळं पूर्वी पोलंडवाल्यांचं होतं. आम्ही सुना हसून सोडून द्यायचो. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं असं वाटायचं. कुठे पोलंड, कुठे कोल्हापूर!

पण आजेसासूबाईंचं खरंच होतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं तिथे राहात होती, त्यात बायका आणि मुलंच जास्त. ते लोक गेले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीमुळे घरदार गमावलेली सिंधी मंडळी येऊन राहिली. त्याचंच पुढे गांधीनगर झालं. एका निर्वासिताच्या चुलीवर दुसऱ्या निर्वासिताचा तवा चढला म्हणायचा.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान पोलंडला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली, तेव्हा हा सगळा इतिहास पुन्हा पेपरात आला. मी तो वाचत गेले आणि वाचता वाचता एका बाईपाशी अडकले. आपल्या वळिवड्याच्या छावणीआधी वर्षभर पोलिश अनाथ मुलांची पहिली तुकडी मुंबईत येऊन पोचली होती. त्या मुलांबरोबर आलेल्या मोठ्या माणसांत एक आजारी, बारीक झालेली बाई होती. त्या बाईला तिच्या देशात ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. ती वॉर्साच्या रंगमंचाची लाडकी गायिका, सिनेमातली नायिका होती. तिचं नाव हांका ऑर्डोनूव्हना. लोक तिला लाडाने ऑर्डोंका म्हणायचे.

मी स्वतः गेली काही वर्षं मुलांच्या वसतिगृहाचं थोडंफार काम बघते. त्यामुळे असेल, पण ही बाई माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

हांकाचं खरं नाव मारिया आन्ना पिएत्रुशिन्स्का. जन्म १९०२, वॉर्सा. वडील रेल्वेत कामाला, घरची परिस्थिती बेताची. पोरगी सहा-सात वर्षांची होती तेव्हाच तिला थिएटरच्या बॅले शाळेत घातली. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच, वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. पहिलं महायुद्ध चालू असताना, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, ती एका छोट्या थिएटरात उभी राहिली आणि तिने ऑर्डोन हे नाव घेतलं. त्यातली एक गंमत सांगते. पोलिश भाषेत नावाच्या शेवटी ‘ऊव्हना’ लागलं, की ती बाई अमक्याची मुलगी, म्हणजे कुमारिका असं समजायचं. हांकाने पुढे एका सरदार घराण्यातल्या माणसाशी लग्न केलं, पण रंगमंचावरचं हे कुमारिकेचं नाव काही सोडलं नाही. सासरच्या मोठ्या नावापेक्षा तिला स्वतः कमावलेलं नाव प्यारं होतं.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि वॉर्सात जणू दिवाळी सुरू झाली. कॅबरे, नाटकं, गाणी, थट्टामस्करी. कॅबरे म्हटलं की आपल्याकडे भलतंच चित्र डोळ्यापुढे येतं. तिथे मात्र त्यात कविता असायची, राजकारणावरची टिंगल असायची आणि उत्तम संगीत असायचं. यूलियान तुविमसारखा मोठा कवी त्यासाठी गाणी लिहायचा. ‘क्वी प्रो क्वो’ नावाच्या प्रसिद्ध कॅबरेत हांका नाव कमावत होती. तिथे तिला फ्रिडेरिक यारोशी भेटला. हा मूळचा हंगेरियन घराण्यातला, रशियन कलापथकाबरोबर वॉर्साला आला आणि तिथलाच झाला. मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये तो सूत्रसंचालन करायचा आणि लोक त्यावरच फिदा होते. त्याने हांकाला घडवलं. कसं उभं राहायचं, कुठे थांबायचं, हात कसे हलवायचे, हे सगळं त्याचं शिक्षण. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण शब्द असा उच्चारायची की ऐकणाऱ्याला ते आपल्यालाच सांगतेय असं वाटावं. आणि तिच्या हातांबद्दल तर लोक गाण्याइतकंच बोलत.

आता तांगोकडे येते. तांगो म्हटलं की आपल्याला सिनेमातलं दृश्य आठवतं, काळा सूट, लाल झगा आणि दातात धरलेला गुलाब. खरं तर हे नाच-गाणं जन्मलं ते घर सोडून आलेल्या माणसांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटली, स्पेन आणि युरोपातल्या कितीतरी गरीब मुलखांतून माणसं बोटी भरभरून ब्युनॉस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या बंदरांत उतरली. तिथल्या गल्ल्यांत, आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या ठेक्यात त्यांची गाणी मिसळली. त्याला जर्मनीहून आलेल्या बँडोनियन नावाच्या पेटीचे सूर लागले. आपल्या बाजाच्या पेटीची लांबची बहीण म्हणा. पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी ही धून पॅरिसला पोचली, तिथून सगळ्या युरोपात. वॉर्साच्या रंगमंचावर १९१३ मध्येच तांगो नाचला गेला होता. पण पोलंडने त्याला आपलं केलं ते विशी-तिशीच्या दशकांत. तिथल्या संगीतकारांत ज्यू मंडळी खूप होती. त्यांच्या व्हायोलिनमधून तांगो आला तो हळू, हुरहुर लावणारा आणि काहीसा रडवेला. दक्षिण अमेरिकेतला तांगो ताठ मानेने चालतो, पोलंडचा तांगो खिडकीशी बसून वाट बघतो, असं मला तरी ऐकताना वाटलं. येझी पेटर्सबुर्स्कीच्या १९२९ सालच्या ‘तांगो मिलोंगा’ला जगभर वेगवेगळ्या भाषांत शब्द लागले. अशा त्या तांगोवेड्या वॉर्साची हांका ही लाडकी होती. ती काही फक्त तांगो गात नव्हती, विनोदी गाणी, प्रेमगीतं, नाच सगळंच होतं. पण त्या काळच्या वॉर्साची आठवण निघाली की तिचा आवाज आणि तांगोची लय दोन्ही एकदमच येतात.

१९३१ मध्ये तिने काउंट मिहाऊ तिश्किएविच याच्याशी लग्न केलं. रेल्वेतल्या माणसाची मुलगी, त्यात थिएटरवाली, आणि नवरा जुन्या जमीनदार घराण्यातला. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण नवरा चांगला होता. तो स्वतः गाणी लिहायचा आणि बायकोच्या कामाचं त्याला कौतुक होतं. १९३३ मध्ये ‘मुखवट्यातला हेर’ अशा अर्थाच्या सिनेमात ती नायिका होती. त्यातलं हेन्रिक वार्सचं संगीत आणि तुविमचे शब्द असलेलं तिचं प्रेमगीत आजही पोलंडमध्ये आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना येतं. युरोप झाला, अमेरिका झाली, पॅलेस्टाइन-इजिप्तकडे दौरे झाले. याच काळात छातीच्या दुखण्यानेही तिला गाठलं. क्षय. तेव्हा त्यावर हमखास औषध नव्हतं. हवापालट आणि विश्रांती, एवढंच.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ तारखेला पूर्वेकडून रशिया घुसला. महिन्याभरात देश पुन्हा नकाशावरून पुसला गेला.

तिच्या भोवतीच्या गाण्याबजावण्याच्या जगाचं पुढे काय झालं ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्याच्या तांगोवर सगळं वॉर्सा नाचायचं त्या आर्तुर गोल्डला त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तिथे त्याला बँड वाजवायला लावला आणि तिथेच तो संपला. ‘तांगो मिलोंगा’चे शब्द लिहिणारा आंजेय व्लास्ट वॉर्साच्या ज्यू वस्तीतून जिवंत बाहेर पडला नाही. हेन्रिक वार्स रशियामार्गे पोलिश सैन्याबरोबर बाहेर पडला, तो पुढे अमेरिकेत गेला. पेटर्सबुर्स्कीही तसाच भटकत, युद्धानंतर चक्क ब्युनॉस आयर्सला जाऊन पोचला! निर्वासितांच्या बंदरातून निघालेली ती धून पोलंडला आली होती, आणि तिचा पोलिश संगीतकार निर्वासित होऊन त्याच बंदराला लागला. साठच्या दशकात तो मायदेशी परतला.

हांकाला जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी धरलं आणि वॉर्साच्या पाव्याक तुरुंगात टाकलं. आधीच पोखरलेली छाती, त्यात तुरुंगातली थंडी. नवऱ्याने खटपट करून तिला सोडवलं आणि दोघं त्याच्या मुलखाकडे, विल्नोला गेली. आजचं लिथुआनियातलं विल्नियस ते हेच. तिथे ती पुन्हा रंगमंचावर उभीही राहिली. पण १९४० मध्ये रशियाने तोही भाग गिळला. जमीनदार, शिक्षक, अधिकारी, त्यांच्या बायका-मुलं, सगळ्यांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान, उझबेकिस्तानकडे पाठवणं चालू झालं. अशी लाखो माणसं गेली. मिहाऊला अटक झाली, १९४१ मध्ये हांकालाही. तिची रवानगी उझबेकिस्तानातल्या सक्तमजुरीच्या छावणीत झाली. दोन वर्षांत दोन सत्तांचे तुरुंग झाले.

मग जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि पारडं फिरलं. ३० जुलै १९४१ ला पोलंडच्या लंडनमधल्या सरकारचा आणि रशियाचा करार झाला आणि पोलिश कैद्यांना सोडायचं ठरलं. पोलिश सैन्य तिथे उभं राहू लागलं. ते दक्षिणेकडे निघालंय ही बातमी सायबेरियापर्यंत पोचली आणि माणसं मिळेल त्या गाडीने, चालत, खुरडत दक्षिणेकडे लोटली. वाटेत टायफस, हगवण आणि उपासमार. आईबाप मरायचे आणि मुलं स्टेशनवर राहायची.

इथे हांकाच्या हातात दोन रस्ते होते. नवरा सुटून आला होता, दोघं पुन्हा भेटली होती. तिची प्रकृती पाहता ती स्वतःच दवाखान्यात पडायच्या लायकीची होती. प्रसिद्ध होती, सैन्याबरोबर गाणारीण म्हणून बाहेर पडली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने अनाथ मुलं गोळा करायचं काम घेतलं. तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातला, इराणच्या सीमेलगत, या मुलांचा अनाथाश्रम उभा राहिला.

अनाथाश्रम हा शब्द आपण सहज लिहितो. ज्यांनी असं काम पाहिलंय त्यांनाच त्याचा वास माहीत असतो. या मुलांचे हातपाय काड्या आणि पोटं फुगलेली. डोक्यात उवा, अंगावर खरूज. आधी केस भादरायचे, कपडे उकळायचे, मग हळूहळू पातळ अन्न द्यायचं, कारण उपाशी पोटाला एकदम भरपेट दिलं तर पोर दगावतं. उशीखाली पाव लपवून ठेवायची सवय त्या मुलांना लागली होती. हिंदुस्थानात पोचल्यावर, रोज पोटभर मिळत असतानाही, कितीतरी दिवस ती सुटली नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वसतिगृहातली एक छोटी आठवली. तिच्या गादीखाली चपात्यांचे वाळलेले तुकडे सापडायचे. मुंग्या होतात म्हणून मीच सुरुवातीला तिला रागावले होते.

आणखी एक गोष्ट. त्या मुलांतली सगळीच अनाथ नव्हती. पुष्कळांच्या आया जिवंत होत्या. अनाथ मुलांना रशियाबाहेर काढतात हे कळल्यावर त्यांनी आपणहून पोरं आश्रमाच्या दारात आणून सोडली. आपल्यापाशी राहिलं तर मरेल, अनाथ म्हणून गेलं तर जगेल, एवढा साधा हिशेब. त्या दारात उभं राहून मुलं ताब्यात घेणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल? आई जिवंत असताना पोरगं अनाथ म्हणून लिहून घ्यायचं, हे पाप की पुण्य? आमच्याकडेही अशी दारात आलेली आई मी पाहिली आहे. नियम काय सांगतो ते मला माहीत होतं. काय करावं ते मात्र कळत नव्हतं.

इकडे मुंबईत पोलंडच्या वकिलातीने धावपळ केली होती. वकिलांची पत्नी किरा बानासिन्स्का पोलिश रेडक्रॉसचं काम बघायची. हिच्यावरही कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. हिंदुस्थानातून औषधं, कपडे, धान्य भरलेले ट्रक अश्गाबातपर्यंत गेले आणि परत येताना त्याच ट्रकांत मुलं बसली. रस्ता कसला, तर अश्गाबातहून डोंगर ओलांडून मशहद, तिथून इराणच्या पूर्व कडेने वाळवंटातून झाहेदान, मग बलुचिस्तान, क्वेट्टा आणि पुढे रेल्वे. आधी हाडं गोठवणारी थंडी आणि नंतर धूळ आणि ऊन. दीडशेच्या वर मुलं, त्यातली कितीतरी आजारी. त्यांच्याबरोबर, स्वतःला खोकल्याच्या उबळी येत असताना, हांका होती. एप्रिल १९४२ मध्ये ही पहिली तुकडी मुंबईला पोचली. मुलांना बांद्र्याला ठेवलं. समुद्राची हवा, डॉक्टर, दूध आणि झोप. तीनेक महिन्यांत मुलांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिथून त्यांना जामनगरजवळ बालाचडीला नेलं. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी बांधली होती. ती १९४६ पर्यंत चालली आणि हजारभर मुलं तिथे राहून गेली. जामसाहेबांना पोलंडने डोक्यावर घेतलं. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे, आणि ते योग्यच आहे. त्या काळात एवढ्या परक्या पोरांना आसरा देणारा माणूस मोठाच. मला फक्त एवढंच वाटतं, की बांधलेली छावणी सगळ्यांना दिसते. स्टेशनांवरून पोरं वेचणाऱ्या, त्यांची डोकी विंचरणाऱ्या आणि ट्रकात रात्रभर त्यांना मांडीवर घेऊन बसणाऱ्या बायकांचे फोटो कुणी काढलेले नसतात. त्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. हांकाचं कळलं, ते ती आधीच प्रसिद्ध होती म्हणून.

बाई दुसऱ्याच्या मुलांसाठी काही करते तेव्हा आपण लगेच तिच्या आयुष्यातली उणीव त्यात शोधतो. पुरुषाच्या बाबतीत असं कुणी शोधत नाही. तिने ते काम केलं कारण ते समोर होतं.

हिंदुस्थानात ती फार राहिली नाही. प्रकृती ढासळत चालली होती. १९४३ मध्ये ती बैरूतला गेली, तिथल्या हवेत बरं वाटेल म्हणून. मिहाऊही तिथे होता. अंगात बळ असेल तेव्हा ती मध्यपूर्वेतल्या पोलिश सैनिकांसमोर गायची. गाणारीचं शरीर पार थकलेलं आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच घर उरलेलं नाही, अशा त्या मैफली. वॉर्साच्या दिव्यांच्या झगमगाटातली गाणी तिथे तंबूत ऐकताना त्या माणसांचं काय होत असेल, याची कल्पना आपल्याकडच्या सिंधी किंवा पंजाबी शेजाऱ्याला जास्त चांगली करता येईल.

युद्ध संपलं, पण घरी जायला घर नव्हतं. विल्नो रशियाकडे गेलेलं, पोलंडमध्ये कम्युनिस्टांचं राज्य आलेलं. बैरूतमध्ये अंथरुणावर असताना तिने त्या मुलांची कहाणी लिहून काढली. १९४८ मध्ये ती ‘भटकी मुलं’ अशा अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आली. पुस्तकावर नाव होतं वेरोनिका होर्ट. जिचं नुसतं नाव वाचून हजारो प्रती खपल्या असत्या, तिने ते नाव लावलंच नाही. का, याची कारणं शोधणारे शोधतात. मला आपलं वाटतं, ऑर्डोनूव्हना हे नाव टाळ्यांसाठी होतं आणि त्या पुस्तकात तिला टाळ्या नको होत्या.

८ सप्टेंबर १९५० ला ती बैरूतमध्येच गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. तिथेच तिला पुरलं. पोलंडमध्ये तिच्या रेकॉर्डी वाजत राहिल्या. १९८१ मध्ये तिच्या त्या प्रेमगीताच्याच नावाने तिच्या आयुष्यावर सिनेमाही आला. तिच्या अस्थी मात्र चाळीस वर्षं परमुलखातच होत्या. १९९० मध्ये, राजवट बदलल्यावर, त्या वॉर्साला आणून पोवोंस्कीच्या दफनभूमीत ठेवल्या.

परवा दिवाळीच्या खरेदीला गांधीनगरला गेले होते. लेकीने मोबाइलवर हांकाचं एक गाणं शोधून दिलं होतं, ते रिक्षात बसून ऐकलं. जुनी खरखरती रेकॉर्ड, भाषा कळायचा प्रश्नच नाही. रिक्षावाला सिंधी होता. त्याने आरशातून बघून विचारलं, की ताई, हे कुठलं गाणं. मी म्हटलं, इथेच पूर्वी राहायचे त्यांचं. त्याने मान डोलावली. त्याच्या आजोबांनी त्याला त्या बराकींबद्दल सांगितलेलं होतं.